पगारातनं कापलेले २०० रुपये

फेब्रुवारीचा पगार झाला की आमच्या ऑफिसात दरवर्षी कुणीतरी नवीन पोरगं पेस्लिप घेऊन अकाउंट्सच्या टेबलापाशी जातं आणि विचारतं, पीटी, म्हणजे व्यवसाय कर, यावेळी ३०० का कापला, नेहमी तर २०० असतो. यंदा लातूरकडचा एक मुलगा होता, पहिलीच नोकरी, रूमचं भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे, सगळं जुळवताना १०० रुपयांचा फरकसुद्धा नजरेत भरतो अशा दिवसांतला. अकाउंट्सवाल्यांनी स्क्रीनवरनं नजर न काढता सांगितलं, "वर्षाला अडीच हजार जायला लागतात, अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, झाला हिशोब." तो म्हणाला, "पण सर, कशाचे?" तर म्हणाले, "सरकारला जातात रे. ते पैसे विसर."

मी प्रिंटरपाशी उभी होते. सांगणारा माणूस चांगला आहे, कुणाचं पीएफचं काम अडलं तर स्वतःहून फोन करणारा, त्यामुळे त्याच्यावर राग असा नाही. पण "विसर" हे ज्या सहजपणे म्हटलं गेलं ते दिवसभर कुठंतरी टोचत राहिलं. कारण मला ते पैसे विसरता येत नाहीत. माझ्या घरात ते पैसे आलेले आहेत. पेस्लिपवर कापलेले म्हणून नाही, मिळालेले म्हणून.

आमचं गाव माण तालुक्यातलं. साताऱ्याचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर, कास येतं, पण आमचा पूर्वेचा पट्टा म्हणजे दहिवडी, म्हसवड, वर निळं कोरं आभाळ आणि खाली कुसळं. पाऊस आला तर आला. माझ्या लहानपणी, म्हणजे ८० च्या दशकात, लागोपाठ वाईट वर्षं गेली तेव्हा आई रोजगार हमीच्या कामावर जायची. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. मी शाळेत जायच्या वयाची नव्हते म्हणून मला बरोबर घ्यायची. बाभळीला बांधलेल्या झोळीत कुणाकुणाची तान्ही, आणि आम्ही जरा मोठी पोरं तिथंच मातीत. पोरं सांभाळायला आणि पाणी पाजायला एक म्हातारी नेमलेली असायची, तिची हजेरी पण मस्टरवर लागायची हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटायचं ती आपली नात्यातली आजी आहे.

तलावाचा बांध कसा घालतात ते मी शाळेत जायच्या आधी शिकले. आधी खाली कठीण लागेपर्यंत खंदक, मग त्यात काळी चिकण माती, ती थराथराने, पाणी मारून, धुमसून. तिच्या दोन्ही अंगांना मुरूम. आणि पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग. पुरुष माणसं टिकावानं खणायची, बाया पाट्या वाहायच्या, खालनं वर, वरनं खाली, उन्हाचा तडाखा वाढायच्या आत जास्तीत जास्त खेपा करायच्या म्हणून सकाळी लवकर सुरुवात. खणलेल्या चौकडीत मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवायचे, त्याला साक्षीदार म्हणायचे, म्हणजे साहेब माप घ्यायला आले की मूळ जमीन किती उंच होती ते त्यावरनं कळायचं. त्या खांबावर गवत तसंच असायचं, आजूबाजूचं सगळं खोल गेलेलं आणि मधे हा एवढासा तुकडा जुन्या जमिनीचा. आम्ही पोरं त्यावर चढायला बघायचो आणि मार खायचो, कारण साक्षीदार ढासळला तर माप कमी भरणार आणि पगार कमी येणार.

पगाराच्या दिवशी मस्टरवर अंगठा. आईला सही करता येत होती, चौथी शिकलेली होती, पण घाईत सगळ्यांचेच अंगठे घ्यायचे. शाई जांभळी. ती घासून घासून पण लवकर जायची नाही, नखाच्या कडेला राहायचीच, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तो जांभळा अंगठा पिठात वरखाली होताना मी बघत बसायचे. आईच्या हाताला तेव्हा मातीचा, घामाचा, आणि पगाराच्या दिवशी जरा शाईचा वास. आजीच्या वेळी याच्याही पलीकडचं. ती ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायच्या बाया, हातोडी चुकली तर बोट वाचावं म्हणून. तरी तिचं एक नख कायमचं वाकडं झालं होतं. लाल मिलोच्या, म्हणजे दुष्काळात आलेल्या परदेशी ज्वारीच्या, भाकरीबद्दल ती बोलायची नाही फारसं. सुकडीबद्दल, म्हणजे तेव्हा वाटायचे त्या कोरड्या खाऊबद्दल, मात्र बोलायची, कारण ती गोड असायची.

हा पैसा कुठनं यायचा? आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती सरकार. आई म्हणायची तहसीलदार.

मी स्वतः नोकरीला लागले, पेस्लिपवर पहिल्यांदा पीटी बघितला, तेव्हा मलाही कुणी काही सांगितलं नाही. पुढं कधीतरी वाचनातनं हा धागा हाताला लागला आणि मी हातातलं काम ठेवून गप्प बसून राहिले होते. व्यवसाय कराचा कायदा महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठीच. त्याच्या मागची गोष्ट अशी की वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरच्या बाजूला हा प्रयोग सुरू केला. मागेल त्याला काम. माणूस धडधाकट आहे, राबायला तयार आहे, आणि तरी घरात चूल पेटत नाही, तर ते त्याच्या नशिबावर सोडायचं नाही, काम देणं सरकारवर बंधनकारक. १९७२ ला योजना राज्यासाठी जाहीर झाली आणि त्याच वर्षी तो दुष्काळ येऊन आदळला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यातली एक आमची आजी.

दुष्काळ ओसरला तसा दिल्लीकडून येणारा पैसाही आटला. हमी तर देऊन बसलोय, आता चालवायची कशावर? तेव्हा जे ठरलं ते मला आजही फार मोठं वाटतं. शहरात ज्याला दरमहा पगार मिळतो, ज्याचा डॉक्टरकीचा वकिलीचा धंदा आहे, दुकान आहे, त्याच्याकडनं थोडे थोडे पैसे घ्यायचे आणि ते वेगळ्या रोजगार हमी निधीत टाकायचे. जेवढे करातनं येतील तेवढीच रक्कम राज्य सरकारनं स्वतःच्या तिजोरीतनं घालायची. नुसता व्यवसाय करच नाही, बागायती जमिनीवरही कर बसला, शहरातल्या दुकानांवर ऑफिसांवर बसला. पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा एकमतानं मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. आणि खर्चातला मोठा वाटा मजुरीवरच जायला पाहिजे, यंत्रं आणि सिमेंटवर नाही. बाईला आणि बाप्याला एकाच दराने. गावात शेतावर बाईला कायम कमी मिळायचं, आणि इथं जेवढं माप तेवढा पैसा, त्यामुळे बाया या कामांवर धावून यायच्या. आई सांगते, आमच्या तलावावर बायाच जास्ती होत्या.

आता डोळ्यासमोर आणून बघा. १९८० च्या आसपास मुंबईत कुणीतरी क्लार्क, गिरगावात नाहीतर डोंबिवलीला राहणारा, लोकलला लटकून फोर्टात उतरणारा, महिन्याच्या शेवटी त्याच्या पगारातनं चार पैसे कमी येतायत. या कराचा मोठा वाटा मुंबईतनंच जायचा. तो करवादला असेल. त्याच्या बायकोनं त्या महिन्यात काहीतरी घ्यायचं पुढं ढकललं असेल. आणि ते पैसे फिरत फिरत, मंत्रालय, कलेक्टर, तहसीलदार, मस्टर असिस्टंट, असे करत आमच्या आईच्या जांभळ्या अंगठ्यापर्यंत आले. त्यातनं ज्वारी आली, मीठमिरची आली, माझ्या भावाची पाटी आली. आणि या दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. त्याला वाटलं सरकारनं खाल्ले. हिला वाटलं तहसीलदारानं दिले.

ऑफिसात जेवताना कधी विषय निघतो, शेतकऱ्यांचं कर्ज, फुकट धान्य, कुठल्याशा योजनेचे पैसे, आणि कुणीतरी म्हणतंच, "आपल्या टॅक्सवर चाललंय सगळं." म्हणणारी माणसं वाईट नाहीत, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असंही नाही, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसून खड्ड्यांतनं गाडी घालत यायचं तर माणूस वैतागतो. मी पण टॅक्स भरते, मलाही चीड येते. पण त्या वाक्यातला "आपल्या" हा शब्द आला की माझा घास जरा तोंडातच राहतो, कारण मी नेमकी कुठल्या बाजूची? माझ्या पगारातनं कापतात म्हणून या बाजूची. आणि मी जी आहे, शिकले, पुण्याला आले, ती आईच्या त्या पाट्यांवर, म्हणजे कुणा न बघितलेल्या क्लार्कच्या पगारावर, म्हणून त्याही बाजूची. बोलावंसं वाटतं, पण डबा संपवायच्या घाईत एवढी लांबड कोण ऐकणार.

आईला हे सगळं मी एकदा फोनवर सांगितलं होतं. ती ऐकत होती, मधे मधे "हं" म्हणत. मग म्हणाली, "आगं पण आमी काय फुकट घेतलं न्हाई. माती वाहिली तवा दिलं." त्या स्वरात जरा दुखावल्यासारखं होतं. तिला वाटलं असावं, मी तिच्या कष्टाला कुणाचे उपकार म्हणतेय. खरं तर हीच गोष्ट मला हव्या त्या शब्दांत सांगता आली नव्हती. ते उपकार नव्हतेच. त्या क्लार्कनं पैसे दिले आणि आईनं तलाव दिला. पावसाळा बरा झाला की त्या तलावाचं पाणी झिरपतं आणि खालच्या विहिरी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तग धरतात. आजीनं जिथं खडी फोडली त्या रस्त्यावर नंतर डांबर पडलं आणि आज त्यावरनं दुधाचे टँकर जातात, आमच्याकडचं दूध शहराकडं. मामाचं गाव आटपाडीकडं, तिथं १९९० नंतर रोजगार हमीतनं फळबागा लावायची योजना आली, स्वतःच्याच रानात खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, त्याची मजुरी सरकार देणार. मामानं माळावर डाळिंब लावलं. ज्या जमिनीत मटकीसुद्धा नीट यायची नाही तिथनं पेट्या भरून मार्केटयार्डात यायला लागल्या. पुण्याच्या हातगाडीवर डाळिंब घेताना कुणाला वाटणार आहे की याच्या मुळाशी आपल्याच पगारातले २०० रुपये आहेत.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. आई स्वतःच सांगते की पगार थकायचा, पंधरवड्याचा महिना व्हायचा, वाण्याकडं उधारी वाढायची. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं असायची, पुण्याला राहणाऱ्यांची असायची. माप घेताना टेप जरा इकडंतिकडं झाला तर बायांनी बोलायचं नाही, बोललं तर उद्या कामावर घेणार नाहीत ही भीती. पोटाशी असतानाही बाया पाट्या उचलायच्या. आमच्या गावातलं एक नालाबंडिंग, म्हणजे ओढ्यावर घातलेला मातीचा बांध, पहिल्याच मोठ्या पावसात वाहून गेलं, आणि त्यावरची माती वाहिलेल्या बाया ते बघायला गेल्या होत्या, बांधावर उभ्या राहून बघत होत्या, कुणी काही बोलेना. एवढे कष्ट आणि एवढा पैसा, दोन्ही ओढ्याला. या चोरीचा राग मला शहरातल्या टॅक्स भरणाऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण तिथं दोघांनाही लुबाडलेलं असतं, ज्यानं दिले त्याला आणि जी राबली तिला.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर घरपट्टीचा विषय निघाला की दोनशे मेसेज पडतात. स्वतः राहत असलेल्या घरांची ४० टक्के सवलत गेली तेव्हा केवढा गदारोळ, २०२३ ला परत मिळाली तेव्हा त्या सवलतीचा पीटी-३ फॉर्म (हा पीटी घरपट्टीचा) कुठं भरायचा, कुणी भरला, कुणाचा राहिला, सगळं चोख. घरपट्टीचं बिल लोक ओळ न ओळ वाचतात, सफाई पट्टी, अग्निशमन, वृक्ष कर. आणि मग सकाळी घंटागाडी आली नाही की लगेच फोन, कारण घंटागाडी दिसते, दिवा दिसतो, नळाला पाणी आलं का नाही ते कळतं. मला हे आवडतं. माणसं हिशोब मागतात. पण आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याच्या बिलात एक जादाची ओळ असते, रोजगार हमी कर. घराच्या बिलात ती नसते, दुकानाच्या असते, महापालिका ती राज्यासाठी गोळा करते. त्यानं मला एकदा बिल दाखवून विचारलं होतं, "मॅडम, ही कुठली हमी? आमच्या पोराला तर काय रोजगार नाही दिला." मी त्याला जमेल तसं सांगितलं. तो म्हणाला, त्याचे वडील औसा भागातले, ७२ ला घर सोडून आलेले. मग गिऱ्हाईक आलं.

हिशोब मागायचा तर याचाही मागायला हवा ना. २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला, त्याला आपल्याच योजनेचा आदर्श होता, २००६ पासून तो लागू झाला तेव्हा १०० दिवसांपर्यंतची मजुरी केंद्रानं द्यायची आणि पुढची राज्यानं, असं ठरलं. म्हणजे राज्याच्या खांद्यावरचा मोठा भार उतरला. व्यवसाय कर मात्र चालूच आहे. चालू राहायलाच पाहिजे असं माझं मत आहे, पण मग आता या पैशाचं काय काय होतं, किती मजुरीत गेले, किती विहिरीत, किती नुसतेच पडून, हे भरणाऱ्याला सरळ समजेल अशा भाषेत कुणी सांगत नाही. अर्थसंकल्पाच्या जाडजूड पुस्तकांत असतं सगळं. विधिमंडळाची रोजगार हमी समितीही आहे. पण पेस्लिप वाचणारा लातूरचा पोरगा ती पुस्तकं उघडणार आहे का?

आणि कराची रचना बघा. दरमहा १० हजारांच्या वर गेलात की २००. मग तुमचा पगार ११ हजार असो नाहीतर ११ लाख, २००च. बायकांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफ केलाय, ते चांगलं झालं. पण वरच्या टोकाला काहीच नाही, कारण वर्षाला २५०० च्या वर घेताच येत नाही, घटनेच्या २७६ व्या कलमात ती मर्यादा आहे आणि १९८८ नंतर ती हललेलीच नाही. १९८८ च्या २५०० ला वजन होतं. आज आमच्या ऑफिसातले सिक्युरिटीवाले काका आणि आमचे सगळ्यात वरचे साहेब एकच रक्कम भरतात, आणि त्यातल्या एकाच्याच घरात ती जाणवते. हे मला बघवत नाही. १४ व्या वित्त आयोगानं मर्यादा १२ हजारांपर्यंत न्यायला सांगितलं होतं. त्याला घटनादुरुस्ती लागेल. कर वाढवा म्हणून कुणी मोर्चा काढत नाही हे मला समजतं.

तरी मी म्हणेन, वाढवा. खालच्याचा कमी करा, माझा आणि माझ्या वरच्यांचा वाढवा, मी १२ हजार भरीन. फक्त जूनमध्ये फॉर्म १६ देतात तेव्हा त्याबरोबर एक साधा कागद द्या मराठीत, की या वर्षी व्यवसाय कराचे एवढे आले, अमुक जिल्ह्यात एवढ्या माणसांना एवढे दिवस काम मिळालं, एवढे तलाव, एवढ्या विहिरी, एवढ्या मजुरांचे पैसे अजून थकलेत आणि ते अमुक तारखेपर्यंत देऊ. आणि तिकडं कामाच्या ठिकाणी जो बोर्ड लावतात, कामाचं नाव, अंदाजपत्रक, यंत्रणा, त्यावर खाली एक ओळ वाढवा की हा पैसा शहरात पगारावर काम करणाऱ्या माणसांच्या करातनं आणि राज्याच्या तिजोरीतनं आलाय. आईसारखी बाई ती ओळ वाचेल, चौथी शिकलेली आहे. मग तिला मस्टरवरचं खोटं नाव दिसलं तर ती फक्त स्वतःच्या मजुरीसाठी नाही भांडणार, आणि इकडचा माणूसही थकलेल्या पगाराचा आकडा बघून विचारेल, आमच्याकडनं तर महिन्याच्या महिन्याला कापता, मग त्यांना द्यायला उशीर का?